सांडपाण्याची प्रकृती

गेल्या वर्षी श्रावणात आठवीच्या वर्गाला घेऊन मी फुलबागेतील राणी लक्ष्मीबाईंच्या समाधीस गेले होते. गोरखीपासून आम्ही पायीच निघालो. वाटेत मी मुलांना 1858 च्या जूनमधील त्या शेवटच्या लढाईची हकीकत सांगत होते. कोटा की सराय येथील चकमक, राणीचा नवा घोडा, समोर आलेला ओढा, घोड्याचे बिचकणे, आणि मग बाबा गंगादासांच्या मठातील तो अखेरचा प्रसंग. इतिहास शिकविणाऱ्याने ही कथा कितीही वेळा सांगितली, तरी कंठ दाटल्यावाचून राहत नाही. तो ओढा म्हणजेच आपली स्वर्णरेखा, असे परंपरा सांगते. पुलावर थांबून मी पात्राकडे बोट दाखविले. एका मुलाने वाकून पाहिले, नाकाला रुमाल लावला आणि विचारले, "बाई, एवढ्या पराक्रमी राणीचा घोडा गटाराला अडला?"

मुले हसली. मला मात्र हसू आले नाही, आणि उत्तरही सुचले नाही. ज्या पाण्याचे नाव सोन्याच्या रेघेवरून पडले, त्याला गटार म्हणताना त्या मुलाला काहीच वावगे वाटले नव्हते. कारण त्याने जन्मापासून तिला दुसऱ्या रूपात पाहिलेच नव्हते. घरी आल्यावर मी ठरविले की, ह्या पाण्याचे नेमके काय झाले आहे, ते समजून घ्यावयाचे. मी कलाशाखेची पदवीधर. रसायनशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकपुरता. परंतु आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी धीर दिला, काही पुस्तके दिली, आणि पुष्कळ वेळा माझ्या अज्ञानाला सौजन्याने सांभाळून घेतले. त्या अभ्यासातून जे हाती लागले, ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

माझे माहेर कारवारकडचे. आमच्या कोंकणीत पाण्याला अजूनही उदक म्हणतात. मराठीत तो शब्द तर्पणाच्या पळीपुरता उरला आहे. आमच्या घरी न्हाणीचे पाणी एका लहानशा पाटाने केळींच्या बुंध्याशी जात असे. भांडी राखेने आणि नारळाच्या शेंडीने घासली जात. त्या पाण्याला कधी दुर्गंधी आली नाही, आणि केळी मात्र तरारून वाढत. त्या काळी हे सारे इतके सहज होते की, त्यामागे काही शास्त्र असेल, असे मनातही आले नाही. आता कळते की, ते पाणी शुद्ध करण्याचे काम केळीच्या बुंध्याशी असलेल्या मातीतील अब्जावधी सूक्ष्मजंतू करीत होते, आणि त्यांना जे अन्न मिळत होते ते त्यांच्या पचनी पडण्याजोगे होते. ह्या लेखाचा विषय एवढाच आहे: जंतूंना आपण काय वाढतो, आणि त्यावर ते किती काम करतात.

ग्वाल्हेरला पिण्याचे पाणी सांक नदीवरील तिघरा जलाशयातून येते. सर विश्वेश्वरय्या यांनी पुण्याजवळ खडकवासल्यास 1903 मध्ये पुराच्या वेळी आपोआप उघडणारी जी दारे प्रथम बसविली, तशीच दारे पुढे तिघऱ्याच्या धरणाला लाभली. पाणी येते त्या बाजूचा आपल्याला असा अभिमान असतो. ते जाते त्या बाजूची चौकशी कोणी करीत नाही. घरातील मोरी, न्हाणीघर आणि शौचालय ह्यांतून बाहेर पडलेल्या सांडपाण्याचे पृथक्करण केले, तर त्यात हजार भागांपैकी सुमारे नऊशे नव्याण्णव भाग निव्वळ पाणी असते. सारी घाण, सारा वास, रोगराईची सारी भीती त्या उरलेल्या एका भागात आहे. हा एक भाग गाळून काढावा म्हटले तर तेवढ्याने भागत नाही, कारण त्यातील पुष्कळसा अंश पाण्यात विरघळलेला असतो. विरघळलेली साखर जशी फडक्याने गाळता येत नाही, तसेच हे. ती काढावयाची तर कोणीतरी ती खाल्लीच पाहिजे. हे खाणारे म्हणजे सूक्ष्मजंतू.

नदीतही हेच जंतू असतात आणि नदी आपले पाणी त्यांच्याकडूनच शुद्ध करून घेते. परंतु जेवताना त्यांना श्वास घ्यावा लागतो, आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू फार थोडा असतो. वीस अंश उष्णतामानाच्या एक लिटर स्वच्छ पाण्यात तो सुमारे 9 मिलिग्रॅम मावतो. तीस अंशांवर सुमारे साडेसातच. म्हणजे ग्वाल्हेरच्या ज्येष्ठात, जेव्हा पारा पंचेचाळीसच्या वर चढतो, तेव्हा नदीची शिदोरी सर्वांत लहान असते, आणि नेमकी त्याच वेळी उष्णतेमुळे जंतूंची भूक सर्वांत मोठी असते. मासे जगण्यास साधारणतः चार ते पाच मिलिग्रॅम तरी प्राणवायू लागतो. तो संपला की मासे मरतात, आणि प्राणवायूवाचून जगणारे दुसऱ्या जातीचे जंतू कामास लागतात. त्यांच्या कामातून जे वायू निघतात, त्यांनाच आपण नदीची दुर्गंधी म्हणतो.

सांडपाण्यातील अन्न किती, हे मोजण्याची रीत मोठी चतुर आहे. अन्न मोजावयाचे नाही. ते खाताना जंतूंना किती प्राणवायू लागला, तेवढे मोजावयाचे. ह्यास जैविक प्राणवायू-मागणी किंवा सर्वत्र रूढ झालेल्या आद्याक्षरांनी बी.ओ.डी. म्हणतात. इंग्लंडमध्ये 1898 साली नेमलेल्या सांडपाणीविषयक राजमंडळाने ही कसोटी रूढ केली आणि पाच दिवसांची मुदत घातली. तिकडच्या नद्यांचे पाणी पाच दिवसांत समुद्रास मिळते, म्हणून पाच दिवस, असे ह्या मुदतीचे कारण सांगतात. आपल्या देशात उष्णतामान अधिक म्हणून आता सत्तावीस अंशांवर तीन दिवसांची कसोटी घेतात. नुसत्या घरगुती सांडपाण्याची ही मागणी दर लिटरला साधारण दोनशे ते तीनशे मिलिग्रॅम असते. दुधाची किती असावी? सुमारे एक लाख! गणित मुलांनी स्वतः करून पाहावे. एक लिटर दूध मोरीत ओतले, तर ते पचविण्यास तीस अंशांच्या सुमारे तेरा हजार लिटर पाण्यातील सगळाच्या सगळा प्राणवायू खर्ची पडेल. जो पदार्थ आपल्याला सर्वांत पवित्र आणि पौष्टिक, तोच नदीला सर्वांत जड. हे वाचल्यापासून उतू गेलेल्या दुधाकडे मी वेगळ्या दृष्टीने पाहू लागले आहे.

शहर वाढले, नदीची शिदोरी अपुरी पडू लागली, तेव्हा माणसाने नदीचे काम टाकीत करण्याचा विचार केला. ह्या शोधाची कथा मँचेस्टर येथील आहे. एडवर्ड आर्डर्न आणि विल्यम लॉकेट हे दोघे तेथील मलशुद्धीकरण केंद्रात रसायनज्ञ होते. त्यांनी बाटल्यांत सांडपाणी भरून, प्रकाश लागू नये म्हणून बाटल्यांना तपकिरी कागद गुंडाळून, त्यात सतत हवा सोडली. पहिल्या वेळी पाणी पुरते निवळण्यास पाच आठवडे लागले. दुसरा कोणी असता, तर त्याने तळाचा गाळ धुऊन टाकून पुन्हा नव्याने आरंभ केला असता. ह्या दोघांनी निवळ तेवढी ओतून दिली, गाळ मात्र ठेवला, आणि त्याच गाळावर नवे सांडपाणी घातले. ह्या वेळी दिवस कमी लागले. असे करता करता पाच आठवड्यांचे काम एका दिवसाच्या आत होऊ लागले. ज्याला घाण म्हणून फेकून देत होते, तो गाळ म्हणजे जंतूंची उपाशी, कामास तयार अशी फौज होती. हा निबंध त्यांनी 1914 च्या एप्रिलमध्ये वाचला. त्यांचे मार्गदर्शक गिल्बर्ट फाउलर हे पुढे 1916 मध्ये बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले. आपल्या आजीच्या हातची विरजणाची कवडी आठवा. कालच्या दह्यातील थोडे राखून आजच्या दुधाला लावावयाचे, ह्याहून ही युक्ती फार निराळी नाही.

आजही बहुतेक मोठ्या केंद्रांतून, थोड्याफार फरकाने, हेच चालते. प्रथम चाळणीने कापड, प्लॅस्टिक आणि कचरा काढतात. वाळू व खडे खाली बसू देतात. मग हवेच्या टाकीत जंतू अन्न खातात आणि एकमेकांना चिकटून त्यांचे पुंजके होतात. पुढील शांत टाकीत ते पुंजके तळाशी बसतात, वरचे निवळ पाणी बाहेर पडते, आणि तळाच्या गाळातील काही भाग पुन्हा कामावर पाठविला जातो. ह्या सर्व व्यवस्थेत एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. टाकी, पंप, वीज ही सारी माणसाची. पण काम करणारे मजूर जिवंत आहेत, आणि जिवंत प्राण्यास काहीही वाढून चालत नाही.

जंतूंच्या आहाराचे एक प्रमाण शास्त्रज्ञांनी बसविले आहे. प्राणवायू-मागणीच्या शंभर भागांस नत्राचे पाच भाग आणि स्फुरदाचा एक भाग असावा. आपल्या जेवणात भात पुष्कळ आणि वरण बेताचे असते, तसेच हे म्हणावयाचे. घरगुती सांडपाण्यात नत्र आणि स्फुरद गरजेहून अधिकच असतात, म्हणून केवळ घरांतून येणारे पाणी जंतूंना मानवते. अडचण येते ती कारखान्याच्या पाण्याने. आणि येथे महाराष्ट्राचे उदाहरण घेतल्यावाचून गत्यंतर नाही.

अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यात लोणी येथे विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ ह्यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखाना उभा राहिला आणि 1950 च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतर कृष्णा, प्रवरा, गोदावरी ह्यांच्या खोऱ्यांत कारखान्यांची रांगच लागली. शेतकऱ्याच्या मुलांना शाळा व दवाखाने मिळाले ते बव्हंशी ह्या साखरेतून; तेव्हा कारखान्यांना नुसती नावे ठेवणे कृतघ्नपणाचे होईल. तथापि साखरेच्या मागोमाग मळी येते, मळीच्या मागोमाग मद्यार्काच्या भट्ट्या येतात, आणि भट्टीतून एक लिटर मद्यार्कामागे आठ ते पंधरा लिटर तांबूस-काळा, आंबट, कढत द्रव बाहेर पडतो. त्याची प्राणवायू-मागणी चाळीस-पन्नास हजार मिलिग्रॅम! म्हणजे घरगुती सांडपाण्याच्या दीडशे-दोनशे पट. हा द्रव नुसता हवेच्या टाकीत घालून शुद्ध करू म्हटले, तर वीज पुरणार नाही आणि जंतू आम्लाने मरतील ते निराळेच.

साखर कारखान्याच्या साध्या धुवणाच्या पाण्यातही एक खोड आहे. त्यात साखर पुष्कळ, नत्र नाममात्र. असा एकांगी आहार मिळाला, किंवा प्राणवायू अपुरा पडला, की पुंजके करून राहणारे गुणी जंतू मागे पडतात आणि लांबच लांब तंतूंसारखे वाढणारे जंतू पुढे सरसावतात. तंतूंना पृष्ठभाग मोठा असल्यामुळे थोडेसे अन्न किंवा थोडासा प्राणवायूही त्यांना टिपता येतो. हे तंतू अन्न खात नाहीत असे नाही. खाण्यात ते कोणास हार जाणार नाहीत. पण गाळ पिंजलेल्या कापसासारखा फुगतो आणि तळाशी बसतच नाही. मग निवळीबरोबर गाळच बाहेर वाहून जातो, आणि ज्या फौजेच्या जिवावर सारा कारभार, तीच नदीत विसर्जित होते. उपाय मात्र मौजेचा आहे. अशा पाण्यात युरिया आणि स्फुरदयुक्त खत घालतात, अथवा जवळच्या वस्तीतील मैलापाणी त्यात मिसळतात. एकाच्या पाण्यात जे कमी, ते दुसऱ्याच्या घाणीत विपुल!

पाण्याची प्रकृती एकसारखी राहणे, हीही जंतूंची मोठी गरज असते. गाळपाच्या हंगामात पूर आणि उन्हाळ्यात उपवास, असे चालले तर त्यांची संख्या स्थिरावत नाही. पावसाळ्यात रस्त्याचे पाणी गटारांत शिरते तेव्हा उलट तऱ्हा होते: अन्न पातळ होते, पाण्याचा वेग वाढतो, आणि जंतू वाहून जाण्याची भीती असते. म्हणून चांगल्या केंद्रात आधी एक मोठी टाकी असते, जिच्यात निरनिराळ्या वेळचे पाणी एकत्र होऊन त्याचा स्वभाव सारखा होतो.

आता विषाकडे वळू. क्रोमियम, तांबे, फिनॉल ह्यांसारखे पदार्थ थोड्या प्रमाणातही जंतूंना बाधतात. कानपूरजवळ जाजमऊ येथे चामडे कमावण्याचे अनेक कारखाने आहेत. गंगा कृती योजनेत तेथे 1990 नंतरच्या दशकात केंद्र उभारताना चामड्याच्या कारखान्यांचे एक भाग पाणी आणि शहराचे तीन भाग पाणी असे मिश्रण योजण्यात आले. हेतू हा की, घरगुती पाण्याने विष सौम्य व्हावे. पण चामड्याच्या पाण्यात क्रोमियमखेरीज गंधकाची संयुगेही विपुल असतात. त्यामुळे वायू बनविणाऱ्या जंतूंच्या तोंडचा घास गंधकावर जगणारे जंतू पळवितात, आणि उपयोगी वायूऐवजी कुजक्या अंड्यांच्या वासाचा विषारी वायू अधिक बनतो. पाण्याचा घटक बदलला की टाकीतील राज्यच बदलते, ह्याचे हे ठळक उदाहरण आहे.

परंतु कारखान्यांकडे बोट दाखविण्यापूर्वी मला स्वतःची एक फजिती सांगितली पाहिजे. तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या साफसफाईत मी मोठ्या उत्साहाने न्हाणीघर आणि शौचालय फिनेलने व ब्लीचिंग पावडरने धुऊन काढले. एक दिवस नव्हे, चांगले आठ दिवस, आणि दिवसाला दोनदा. घर असे चकचकीत झाले की, पाडव्याला आलेल्या नणंदबाईंनीही प्रशंसा केली. भाऊबिजेच्या सुमारास अंगणात असह्य वास सुटला. मी आणखी पावडर टाकली. वास आणखी वाढला. शेवटी जे वृद्ध नळकारागीर आले, त्यांनी झाकण न उघडताच निदान केले. आम्ही अंगणाखालच्या सेप्टिक टँकमधील काम करणारी सगळी वस्ती मारून टाकली होती. त्यांचा उपाय असा की, काहीच करावयाचे नाही. महिनाभर साध्या पाण्याने धुवा. रोज जे खाली जाते त्यातूनच नवी वस्ती होईल. तसेच झाले. (जाता जाता एक सूचना: ब्लीचिंग पावडर आणि आम्ल ही कधीही एकत्र करू नयेत. त्यांतून क्लोरिन वायू सुटतो व तो फुप्फुसांना घातक आहे.) जंतू म्हणजे रोग आणि रोग म्हणजे जंतू, एवढेच शिकून मी मोठी झाले होते. आपल्या अंगणाखाली लाखो उपकारकर्ते राहतात, हे मला त्या दिवाळीत कळले.

साबणाचीही एक कथा आहे आणि ती मला फार आवडते. दुसऱ्या महायुद्धानंतर कपडे धुण्याच्या नव्या कृत्रिम चूर्णांचा प्रसार झाला. 1950 नंतरच्या दहा वर्षांत इंग्लंड, जर्मनी, अमेरिका येथील नद्यांवर फेसाचे डोंगर दिसू लागले. शुद्धीकरण केंद्रांतून तो फेस जसाच्या तसा बाहेर पडे. कारण शोधता आढळले की, ह्या चूर्णाच्या रेणूत कर्बाच्या अणूंची जी साखळी होती, तिला ठिकठिकाणी फांद्या फुटलेल्या होत्या. जंतू अशी साखळी एका टोकाकडून कुरतडत जातात. फांदी आली की त्यांचे दात अडतात. रसायनज्ञांनी मग सरळ साखळीचा पदार्थ बनविला. धुण्याचा गुण तोच, किंमत जवळजवळ तीच, पण जंतूंना तो खाता येऊ लागला. जर्मनीने 1961 मध्ये ह्याविषयी कायदा केला, आणि 1965 च्या सुमारास अमेरिकेतील कारखानदारही नव्या पदार्थाकडे वळले. एखादा पदार्थ किती घाण आहे, ह्यापेक्षा तो जंतूंना ओळखू येतो की नाही, हे अधिक महत्त्वाचे ठरते. म्हणून शास्त्रज्ञ आणखी एक मोजमाप करतात: तीव्र रसायनाने जेवढे जाळता येते, त्यापैकी जंतूंना किती खाता येते. निम्म्याहून अधिक खाता येत असेल, तर जैविक उपायाने काम होते. तिसऱ्या हिश्श्याहून कमी असेल, तर जंतूंवर भिस्त ठेवणे व्यर्थ. तथापि दिल्लीला यमुनेवर आजही जो फेस तरंगतो, तो पाहिला म्हणजे वाटते की, सरळ साखळी असली तरी खाणाऱ्याला वेळ आणि प्राणवायू द्यावा लागतोच. पाणी न शुद्ध करताच सोडले, तर बिचारे जंतू तरी काय करणार?

नत्राविषयी थोडक्यात सांगते. लघवीतून येणारे नत्र अमोनियाच्या रूपात असते व ते माशांना विषारी आहे. त्याचे नायट्रेट करणारे जंतू हे साऱ्या वस्तीतील सर्वांत नाजूक. त्यांची वाढ सावकाश, त्यांना थंडी सोसत नाही, विष तर मुळीच नाही. एक ग्रॅम नत्रामागे त्यांना सुमारे साडेचार ग्रॅम प्राणवायू लागतो, शिवाय पाण्यातील अल्कधर्म ते भराभर खर्च करतात. तो कमी असला तर पाणी आंबट होऊन त्यांचे काम आपोआप थांबते. ग्वाल्हेरच्या पौष-माघातील कडाक्याच्या रात्री त्यांना खचितच सुखाच्या जात नसतील.

भट्टीच्या त्या काळ्या द्रवाचे काय करावयाचे, हे मघाशी सांगावयाचे राहिले. त्यास प्राणवायूवाचून काम करणारे जंतू वापरतात. बंद टाकीत ते आंबट पदार्थांपासून मिथेन वायू करतात आणि तो वायू कारखान्याच्या बॉयलरखाली जाळता येतो. हवा घालण्याचा खर्च वाचतो आणि वर इंधन मिळते. मुंबईस माटुंग्याच्या कुष्ठाश्रमातील मैल्याच्या टाक्यांतून असा वायू गोळा करून त्यावर इंजिन चालविण्यात आले होते, आणि तेही 1897 च्या सुमारास! आपल्या ग्वाल्हेरला लालटिपारा येथील गोशाळेत शेणापासून वायू बनविण्याचे मोठे संयंत्र 2024 मध्ये सुरू झाले, तेही ह्याच जातीच्या जंतूंच्या बळावर. ह्या उपायाने मागणी पुष्कळ उतरते, परंतु शुद्धता पुरी होत नाही, आणि रंग तर जातच नाही. म्हणून पुढे पुन्हा हवेची टाकी लागते.

ह्याच वायूंविषयी एक गंभीर गोष्ट सांगावयाची आहे. बंद टाकीत व गटारात मिथेनबरोबर गंधकाचा तो विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, साचतो. थोडा असताना त्याचा वास येतो. अधिक झाला की तो घ्राणेंद्रियच बधिर करतो. माणसाला वाटते वास गेला, आणि तो खाली उतरतो. पहिला पडला की त्याला काढण्यास दुसरा उतरतो, दुसऱ्यामागे तिसरा. वर्तमानपत्रांत अशा बातम्या येतात आणि आपण पान उलटतो. 2013 च्या कायद्याने, संरक्षक साधनांवाचून माणसास मैल्याच्या टाकीत वा गटारात उतरविणे हा गुन्हा ठरला आहे. आपल्या घरची टाकी तुंबली तर ती यंत्रानेच उपसली पाहिजे. स्वस्तात होते म्हणून कोणी माणूस उतरण्यास तयार असला, तरी त्यास उतरू देऊ नये, आणि घरातील वडीलधाऱ्यांना हे सांगण्यास मुलांनी भिऊ नये. टाकीत ओतलेल्या आम्लाचा ह्या वायूशी संबंध आहे, हेही सांगितले पाहिजे. आम्लाने पाण्यात विरघळलेला तो वायू एकदम बाहेर येतो.

आपल्याकडील ऊन आणि मोकळी जागा ह्यांचा उपयोग करून स्वस्तात हे काम कसे करावे, ह्याचा विचार नागपूरच्या संस्थेने फार आस्थेने केला. 1958 मध्ये ती केंद्रीय सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी संशोधन संस्था ह्या नावाने स्थापन झाली. 1974 पासून तिला 'नीरी' म्हणतात. उथळ तलावांत शेवाळाने प्राणवायू द्यावा आणि जंतूंनी शेवाळाला कर्बवायू द्यावा, अशा तलावांचा आपल्या हवामानात अभ्यास तेथे झाला. संस्थेचे एक संचालक सोली आर्सेवाला ह्यांचे नाव त्या कामाशी जोडलेले आहे. नागपूरचेच आणखी एक उदाहरण: भांडेवाडीस शुद्ध झालेले शहराचे सांडपाणी कोराडीच्या वीजकेंद्राला दिले जाते, म्हणजे तेवढे पिण्याजोगे पाणी माणसांसाठी वाचते.

आणि स्वर्णरेखा? हनुमान बांधाच्या बाजूने येऊन ती लष्करातून वाहते. वस्ती वाढली तशा नाल्या तिच्यात उतरल्या. पुढे शहरातील तिच्या पात्रास काँक्रीटचे अस्तर देण्यात आले. माझ्या अल्प मतीप्रमाणे, येथेच नदीच्या स्वभावाचा विसर पडला. दगडांवरचा बुळबुळीत थर, काठची माती, लव्हाळ्यांची मुळे ही सारी त्या जंतूंची घरे होती. सिमेंटच्या गुळगुळीत तळावर त्यांनी राहावे कोठे? शिवाय भूमीतील झरे आणि पात्र ह्यांचा व्यवहारही तुटला. उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठापुढे तिचा प्रश्न गेला. जलालपूर आणि लालटिपारा येथे शुद्धीकरणाची केंद्रे झाली. ती कशी चालतात, ते बऱ्याच अंशी आपण त्यांना कोणते पाणी पाठवितो त्यावर अवलंबून राहील. मिठाईवाल्याच्या कढईतील तूप, गाड्या धुणाऱ्याच्या दुकानातील तेल, मुलामा देणाऱ्याचे आम्ल, आणि माझे दिवाळीचे फिनेल, सारे एकाच नळातून तेथे पोचते. तेला-तुपाचा तर पाण्यावर तवंग धरतो आणि हवा आत जाऊ देत नाही. म्हणून कढईतले उरलेले तेल कागदाने पुसून कचऱ्यात टाकावे, मोरीत ओतू नये, एवढे तरी गृहिणींना सहज करता येईल.

दिवाळीच्या सुटीनंतर आमच्या विज्ञानाच्या शिक्षकांनी आठवीच्या वर्गाकडून एक जुना प्रयोग करून घेतला. मेथिलिन ब्लू नावाचा निळा रंग पाण्यात प्राणवायू असेपर्यंत निळा राहतो, आणि जंतूंनी प्राणवायू संपविला की उडून जातो. तीन बाटल्या घेतल्या. एकीत नळाचे पाणी, दुसरीत नळाच्या पाण्यात चमचाभर कच्चे दूध, आणि तिसरीत स्वर्णरेखेचे पाणी, जे शिक्षकांनी स्वतः हातमोजे घालून आणले होते. तिन्हींत रंगाचे थेंब घालून, बुचे घट्ट लावून, बाटल्या कपाटात ठेविल्या. मधल्या सुटीतच स्वर्णरेखेच्या बाटलीचा रंग फिका पडू लागला, आणि शाळा सुटेपर्यंत ती मळकट पांढरी झाली. दुधाची दुसऱ्या दिवशी सकाळी रंगहीन आढळली. पुलावर प्रश्न विचारणारा तो मुलगा बराच वेळ कपाटापाशी उभा होता. "बाई," तो म्हणाला, "दूधवाली पण हरली." मग त्याने तिसरी बाटली हातात घेऊन उजेडाकडे धरली आणि विचारले की, हिच्यात आणखी थोडी हवा भरली, तर रंग परत येईल का?

आम्ही बूच काढून, पुन्हा लावून, बाटली चांगली हलविली. क्षणभर ती निळी झाली.